लालसरीची हजेरी



पगारवाढ, बोनस, टाळेबंदी हे आमचे नेहमीचे विषय. आज आम्ही बदकावर बोलणार म्हटल्यावर युनियनमधले मित्र हसले. हसोत बापडे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दर रविवारी भल्या पहाटे सोलापूर रस्त्याने कवडीपाटला जात होतो. तेथे मुळा-मुठेवर जुना बंधारा आहे. शोध होता छोट्या लालसरीचा. नराचे डोके तांबूस, छाती काळी, पाठ राखी. सायबेरिया, मध्य आशिया इकडून हिवाळ्यापुरते आपल्या देशात येणारे हे बदक. एके काळी त्याला कोणी दुर्मिळ म्हटले नसते. २०१५ साली मात्र जगातील संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत त्याचे नाव गेले. ही माहिती पुस्तकी आहे. आमची शाळा सार्वजनिक वाचनालय, आणि पहिले गुरू सालिम अलींचे १९४१ साली निघालेले पुस्तक.

शोध घ्यायचा म्हणजे आधी आलेल्यांची हजेरी घ्यायची. चक्रवाक जोडीने बसलेले, नारिंगी रंगामुळे दुरून ओळखू येतात. हळदीकुंकू बदकाच्या चोचीला टोकाशी हळद, बुडाशी कुंकू. हे नाव कोणा पंडिताने ठेवले असेल असे वाटत नाही. आणि थापट्या तर पुष्कळ. चोच फावड्यासारखी, कडांना कंगव्यासारखे दाते. पाणी गाळून बारीक जीव खायचे, हा त्याचा धंदा.

गुरे धुणाऱ्या एका मामांनी विचारले, "साहेब, सर्वेला आलात?" "नाही, एक बदक शोधतोय." "घावलं तर भाव काय त्याला?"

लालसरीचा धंदा निराळा. ती बुडी मारते. तळाशी उगवलेल्या वनस्पती, त्यांचे बी, तळातले किडे खाते. तिला तळ जिवंत हवा. आता आपला तळ पाहा. मुठेवर खडकवासल्याचे धरण १८७९ साली झाले. हिवाळ्यात धरणाचे पाणी कालव्याला आणि शहराला जाते, आणि नदीला मिळते ते बहुतांशी आपण वापरून सोडलेले सांडपाणी. बंधाऱ्याखाली फेस, वर जलपर्णी. असल्या गढूळ पाण्यात तळापर्यंत उजेड पोहोचत नाही. मग वनस्पती कशी उगवणार? गाळणाऱ्याला येथे रोजगार आहे, बुडी मारणाऱ्याला नाही.

लोक म्हणतात, एवढी बदके येतात, मग नदीला काय झाले आहे? गेटवर गर्दी दाखवून कारखाना छान चालला आहे असे मालकही सांगतो. आम्ही विचारतो, कोणते खाते बंद पडले?

नऊ रविवार झाले. लालसरीपुढे आमच्या वहीत नऊ वेळा 'गैरहजर' आहे. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते, आपल्या देशात १९८७ पासून. तिला जोडून येत्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा जाणार. यायचे असेल त्यांनी रविवारी पहाटे साडेपाचला स्वारगेटला यावे. दुर्बीण एकच आहे, पाळीपाळीने पाहू.