लांब श्वास

(एलूल महिन्यातील एका बुधवारी, मिन्हा आणि आरवीथ यांच्यामधल्या वेळेत आपल्या सिनेगॉगमध्ये झालेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले आहे.)



सणांविषयी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा मला झाली. शोफारविषयी किंवा तेशुवाविषयी ऐकायला मिळेल, अशी आपली अपेक्षा असेल. मी मात्र रागाविषयी बोलणार आहे. क्षमा मागण्याचे दिवस आणि एकमेकांवर ओरडण्याचे दिवस आपल्या घरांत नेमके एकाच वेळी येतात, हे आपण सर्व जाणतो; इथे बसून ते कोणी बोलत नाही इतकेच.

तिश्री महिन्याकडे जरा हिशेबाच्या नजरेने पाहा. १ आणि २ तारखेला रोश हशाना, ३ला गेदल्याचा उपवास, १०ला योम किप्पूर, १५पासून सुक्कोथ, २२ला सिम्हाथ तोरा. त्यात प्रत्येक आठवड्याचा शब्बाथ वेगळा. मुलांना सुट्टी, पाहुण्यांची ये-जा, नवे कपडे, एथ्रोग आणि लुलावचा खर्च. आणि जे रोजंदारीवर किंवा तासाच्या हिशेबाने काम करतात त्यांच्या पगारात त्याच महिन्यात खळगा. या देशात कोणतेही काम काढा, उत्तर मिळते, ‘आहारे हाहागीम’, सणांनंतर पाहू. कामे सणांनंतर होतात. भांडणे मात्र कोणी सणांनंतर ठेवत नाही.

आपल्या दोन्ही भाषा या बाबतीत किती जवळ आहेत पाहा. मराठीत आपण म्हणतो, अमक्याचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. पवित्र भाषेत ‘अफ’ म्हणजे नाक आणि ‘अफ’ म्हणजेच रागही. कोकणातल्या आपल्या आज्या हिब्रू शिकल्या नव्हत्या, परंतु राग कुठे बसतो हे त्यांना ठाऊक होते. सेलिहोथमध्ये आपण परमेश्वराचे तेरा गुण पहाटेच्या अंधारात पुन्हापुन्हा उच्चारतो. त्यांतला एक गुण आहे ‘एरेख अप्पाइम’. आपण त्याचा अर्थ ‘मंदक्रोध’ असा करतो, पण शब्दशः तो लांब नाकाचा, म्हणजे लांब श्वासाचा. याच्या उलट स्थिती शेमोथच्या ६व्या अध्यायात आहे. मोशे रब्बेनू मुक्तीचा निरोप घेऊन आले आणि इस्राएलाच्या संततीने तो ऐकला नाही. कारण दिले आहे ‘कोत्सेर रुआख’ आणि कष्टाची मजुरी. राशी तिथे सांगतात की जो त्रासात असतो त्याचा श्वास आखूड होतो, त्याला लांब श्वास घेता येत नाही. म्हणजे ते लोक वाईट नव्हते. निरोप चांगला होता आणि आणणारा मोशे होता. ऐकणाऱ्याजवळ श्वास नव्हता.

माझी मुलगी परिचारिका आहे. तिला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘बाबा, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात.’ श्वास सावकाश सोडला, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावला, की हृदयाचे ठोके मंदावतात. दुसरी गोष्टही तिने सांगितली; ती आपल्या चहाबाज समाजाने लक्षात घ्यावी. योम किप्पूरच्या दुपारी जे डोके दुखते आणि जी चिडचिड होते, ती पुष्कळदा भुकेची नसते. रोज पाच कप चहा पिणाऱ्याचा चहा एकाएकी तुटला की बारा ते चोवीस तासांत डोके धरते. तेव्हा रोश हशानाचे दोन दिवस झाले की रोज अर्धा-एक कप कमी करीत या. ज्यांना मधुमेह आहे किंवा नियमित औषधे चालू आहेत, त्यांनी उपवासापूर्वी डॉक्टरांना आणि रब्बींना विचारावे. यात लाजण्यासारखे काही नाही.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. जिच्याविषयी सांगतो आहे तिची परवानगी घेतली आहे.

१९७८ साली मी दिमोनाला राहत होतो आणि कारखान्यात रात्रपाळी करीत होतो. आमची आई अश्दोदला ताईकडे असे. त्या वर्षी नव्याच्या सणाला आईला माझ्या घरी न्यावे, असे मी मनाशी ठरवले होते. ठरवले होते खरे, पण कोणाला सांगितले नव्हते. सणाच्या आदल्या दिवशी पाळी संपवून, न झोपता, बस धरून मी ताईच्या दारात उभा राहिलो. ताई चिकाचा हलवा ढवळत होती. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून, नारळाचे दूध घालून पहाटेपासून ती चुलीपाशी उभी होती. तिने मान न वळवता सांगितले, ‘आई येणार नाही, तिचे गुडघे धरलेत.’ त्यावर मी म्हणालो, ‘तुझी मुलं सांभाळायला फुकटची मोलकरीण हवी, म्हणून तू तिला सोडत नाहीस.’

तिची पळी थांबली नाही. चिकाच्या हलव्याची पळी थांबवता येत नाही, तळ लागतो. ती ढवळत राहिली आणि मी निघून आलो.

त्यानंतर सहा वर्षे आम्ही बोललो नाही. चौथ्या वर्षी आई गेली. शिवाचे सात दिवस आम्ही भाऊबहीण एकाच खोलीत जमिनीवर बसलो होतो, तरी बोललो नाही. आईने ती चार वर्षे कशी काढली असतील, याचा विचार मी तेव्हा केला नाही. पुढे केला.

आपल्या पूर्वजांनी कोकणात हे सण स्वतःच्या नावांनी जपले. योम किप्पूर हा दारफाळणीचा सण. दारे बंद, शुभ्र कपडे, कोणाशी शिवाशीव नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी दारे उघडायची, गरिबाला दान द्यायचे, आप्तेष्टांना भेटायचे. सहा वर्षे माझे दार दारफाळणीला बंद झाले ते शिळ्या सणाला उघडलेच नाही. उपवास मात्र मी एकही चुकवला नाही. मिश्नेतील योमा या भागात स्पष्ट सांगितले आहे की माणसाने माणसाविरुद्ध केलेला अपराध योम किप्पूरने धुतला जात नाही; आधी त्या माणसाचे समाधान करावे लागते. हे मला पाठ होते.

सहाव्या वर्षी एलूलमध्ये माझ्या पत्नीने अश्दोदच्या बसचे तिकीट माझ्या हातात ठेवले. मी गेलो. ताई म्हणाली, ‘तू रात्रपाळीहून आला होतास, झोपला नव्हतास, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. पण कळलं म्हणून दुखायचं थांबत नाही. आणि तू बोललास त्यात थोडं खरं होतं, म्हणून जास्त लागलं.’ मग तिने मला हातबोशी दिली.

आईच्या बाबतीत ही वाट उरली नव्हती. रंबाम सांगतात की ज्याचा अपराध केला तो वारला असेल तर दहा माणसे घेऊन त्याच्या कबरीपाशी जावे आणि त्यांच्यासमोर कबुली द्यावी. मी तसा गेलो. ताईही आली. तेथे काय बोललो ते इथे सांगत नाही.

तेव्हापासून आमच्या घरी काही रीती आहेत. कोण कोणाकडे जेवणार, आई-वडील कोणाकडे राहणार, पैसे कोण किती घालणार, हे एलूलच्या पहिल्या आठवड्यात, पोट भरलेले असताना आणि बसून ठरते. सणाच्या आदल्या दिवशी कोणताही जुना विषय निघत नाही. निघालाच तर कोणीतरी म्हणते, ‘हलवा ढवळ.’ मुलांना आता त्याचा अर्थ ठाऊक आहे. आणि हलव्यापाशी पुरुषांनीही उभे राहावे. पहाटेपासून एकटीने ढवळायचे आणि वर हसतमुखही राहायचे, ही अपेक्षा मला न्यायाची वाटत नाही.

तलमूदमध्ये सांगितले आहे की शब्बाथ लागण्यापूर्वी घरात तीन गोष्टी विचाराव्यात: दशांश काढला का, एरूव झाला का, दिवा लावा. आणि लगेच सांगितले आहे की हे सौम्यपणे विचारावे, कारण ज्या घरात फार धाक असतो तिथे भीतीपोटी शब्बाथ मोडला जातो. दिव्याला उशीर झाला हे कोणी खरे सांगत नाही. रब्बींनी शुक्रवारच्या संध्याकाळची आपली घरे पाहिली होती की काय, असे मला नेहमी वाटते. हिल्लेलला चिडवण्यासाठी ज्याने चारशे झूझांची पैज लावली, त्यानेही वेळ निवडली ती शब्बाथच्या पूर्वसंध्येचीच, हिल्लेल डोके धूत असताना. त्याला माणसाची नस माहीत होती. पैज तो हरला, ही गोष्ट वेगळी.

शेवटी, ज्याच्याकडे क्षमा मागायला कोणी येईल त्याच्याविषयी. रंबाम मागणाऱ्याला तीनदा जायला सांगतात, दर वेळी तीन माणसे बरोबर घेऊन. पण देणाऱ्यालाही ते मोकळे सोडत नाहीत. त्याने कठोर होऊ नये, आणि तीनदा विनवूनही जो मानत नाही त्याच्याकडेच पाप जाते, असा त्यांचा निर्णय आहे. मागणे कठीण आहे हे आपण जाणतो. देणेही कठीण आहे, हे मी ताईकडून शिकलो. या महिन्यात कोणाचा दूरध्वनी आला, ठाण्याहून येवो की शेजारच्या इमारतीतून, तर त्याला पहिले वाक्य पूर्ण करू द्या. तो ते किती दिवस तोंडात घोळवत असेल, सांगता येत नाही.

ताई आज वर महिलांमध्ये बसली आहे. माझे जे चुकले असेल ते ती घरी जाताना सांगेलच. आरवीथची वेळ झाली, हज्जनसाहेब उभे राहिले आहेत.