लहरी असाव्यात, लहरीपणा नसावा

(बिनतारी संदेशवहनाविषयी आयोजित मेळाव्यातील भाषण)



मी कला शाखेचा पदवीधर. बिनतारी यंत्रांविषयी मी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु माहिती पोहोचविणे हे माझे काम आहे आणि माहिती ज्या लहरीवर स्वार होऊन जाते, तिची ओळख असल्यावाचून ते काम पुरे होत नाही.

गाण्याच्या बैठकीत प्रथम तंबोरा जुळवितात. मध्येच तार उतरली, की गवयाचा सारा खटाटोप वाया जातो. प्रक्षेपकातील आंदोलकाचे स्थान या तंबोऱ्यासारखेच आहे. विजेची ठरावीक गतीने आंदोलने निर्माण करणे हे त्याचे कार्य. दर सेकंदास होणाऱ्या आंदोलनांच्या संख्येस कंप्रता म्हणतात. ती ढळली, की केंद्र आपली जागा सोडते आणि शेजाऱ्याच्या जागेत शिरते.

ही जागा तरी केवढी? आपल्याकडे मध्यम लहरींवर लगतच्या दोन केंद्रांत अवघे ९ किलोहर्ट्‌झचे अंतर असते. एकाच कंप्रतेवरील दोन केंद्रांत १,००० हर्ट्‌झचा फरक पडला, तर श्रोत्यास शीळ ऐकू येते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय नियमांनी मध्यम लहरींच्या नभोवाणी केंद्रांना केवळ १० हर्ट्‌झची सूट दिली आहे. १,००० किलोहर्ट्‌झच्या केंद्रासाठी ही चूक लाखात एक एवढीच. घड्याळ इतके नेमके असेल, तर ते दिवसाकाठी एक सेकंदही चुकणार नाही!

कंप्रता ढळते कशाने? यंत्र तापले, की त्यातील तारांची वेटोळी प्रसरण पावतात. विजेचा दाब कमीअधिक होतो. यंत्राला हादरे बसतात. आकाशतारेचा भार बदलतो आणि सुटे भाग कालांतराने जुने होतात. यावर उपाय सापडला तो गारगोटीच्या कुळातील क्वार्ट्‌झ स्फटिकात. त्यावर दाब दिल्यास वीज निर्माण होते, हे १८८० मध्ये जाक व पिएर क्यूरी या बंधूंनी दाखविले. उलटपक्षी, वीज दिल्यास स्फटिक आकुंचन-प्रसरण पावतो व आपल्या आकारमानानुसार ठरलेल्या गतीनेच कंप पावतो. अमेरिकेतील वॉल्टर केडी यांनी १९२१ च्या सुमारास या गुणाचा उपयोग आंदोलकास शिस्त लावण्यासाठी केला. विशिष्ट कोनात कापलेल्या स्फटिकावर तापमानाचा परिणाम अत्यल्प होतो, हेही १९३४ मध्ये सिद्ध झाले.

तरीही काळजी घ्यावीच लागते. स्फटिक स्थिर तापमानाच्या लहानशा पेटीत ठेवतात. त्यास स्थिर दाबाची वीज पुरवितात. आंदोलक आणि शक्तिवर्धक यांच्यामध्ये आणखी एक टप्पा ठेवतात, म्हणजे पुढच्या भाराचा धक्का मागे पोहोचत नाही. मूळची चूक पुढे वाढत जाते, हेही ध्यानी घ्यावे. ६.२५ मेगाहर्ट्‌झच्या स्फटिकापासून २४ पटीने १५० मेगाहर्ट्‌झची लहर निर्माण केली, तर मुळातील १०० हर्ट्‌झची चूक २,४०० हर्ट्‌झची होते. कारभारातही असेच घडत नाही काय?

हा केवळ यंत्रज्ञांचा विषय नव्हे. समुद्रात संकटात सापडलेली नौका ४०६ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात हाक देते. खालच्या कक्षेतून जाणारा उपग्रह जवळ येताना व दूर जाताना त्या हाकेची कंप्रता बदललेली भासते. त्या बदलावरूनच नौकेचे स्थान काढतात. हाक देणारे यंत्रच सुरात नसेल, तर स्थान चुकते आणि शोधपथक भलत्याच पाण्यात नौका शोधीत राहते. तेथे कंप्रतेचा प्रश्न हा माणसाच्या प्राणांचा प्रश्न होतो.

म्हणून माझी विनंती एवढीच. आपल्या गावात, बंदरावर वा कार्यालयात बिनतारी संच असेल, तर तो ऊन, ओल व धूळ यांपासून जपावा. विद्युत्‌घट भारित ठेवावा. जाणकारावाचून संच उघडू नये आणि त्याची तपासणी ठरल्या वेळी करून घ्यावी. शिक्षकांनी मुलांना तंबोऱ्याचे उदाहरण देऊन हा विषय समजावून सांगावा. संकटाच्या रात्री आपली हाक योग्य कानी पडावी, याची तयारी शांततेच्या दिवसांतच करावयाची असते.