गांडुळाची प्रतिकारशक्ती आणि पुनर्जनन



नांगराच्या फाळाने किंवा कुदळीच्या घावाने गांडुळाचे दोन तुकडे झाले, की एकाची दोन गांडुळे होतात, असा समज खेडोपाडी फार जुना आहे. दोन्ही तुकडे बराच वेळ वळवळत राहतात, त्यामुळे पाहणाऱ्याचा त्यावर सहज विश्वास बसतो. हा समज निरुपद्रवी असता, तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या प्राण्याला मरणच नाही असे वाटते, त्याच्या जिवाची काळजी कोण करणार? म्हणून या प्राण्याच्या अंगी खरोखर काय सामर्थ्य आहे आणि ते कोठे संपते, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

गांडुळाचे शरीर शंभरावर वलयाकार खंडांचे बनलेले असते. मेंदू, हृदये आणि जननेंद्रिये हे सारे महत्त्वाचे अवयव पुढच्या भागात, वयात आलेल्या गांडुळाच्या अंगावर दिसणाऱ्या फुगीर पट्ट्याच्या पुढे एकवटलेले असतात. मागील भागात मुख्यतः आतडे असते. त्यामुळे शेपटीकडील खंड तुटले, तर पुढचा तुकडा जगतो व नवी शेपटी धारण करतो. डोक्याकडील तुकडा गेल्यास मात्र गोष्ट वेगळी असते. अमेरिकन शास्त्रज्ञ टॉमस हंट मॉर्गन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उकिरड्यात आढळणाऱ्या आयसेनिया फेटिडा या गांडुळावर चिकाटीने प्रयोग केले. पुढचे चार-पाच खंड कापले, तर तितके पुन्हा येतात. त्याहून अधिक कापले, तरी नवे येतात ते चार-पाचच. आणि घाव फार मागे बसला, तर डोके येतच नाही, असे त्यांना आढळले. कधी कधी तर मागच्या तुकड्याला डोक्याच्या जागी दुसरी शेपटीच फुटते. दोन्हीकडे शेपटी असलेला तो जीव तोंडाअभावी उपाशी मरतो. हेच मॉर्गन पुढे फळमाशीकडे वळले आणि आनुवंशिकतेवरील कार्यासाठी १९३३ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले.

सर्व जाती सारख्या नसतात, हेही सांगितले पाहिजे. भारतात आढळणारे व गांडूळखतासाठी वापरले जाणारे पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस हे गांडूळ नवे डोके धारण करण्यात इतरांहून पुष्कळच सरस आहे. परंतु एका जातीचे कौतुक साऱ्या गांडूळकुळाला लागू करता येत नाही.

घाव बसताच जखमेभोवतीचे स्नायू आकुंचन पावून तोंड मिटते. देहगुहेतील द्रवामधून कोशिका धावून येतात व तेथे बूच बसवतात. त्यावर त्वचेचे पातळ आवरण येते, आवरणाखाली कोवळ्या कोशिकांचा कोंब वाढतो आणि त्या कोंबातून फिकट, बारीक असे नवे खंड एकामागून एक उमटतात. जखमेच्या जागी मज्जारज्जूचे टोक नसेल, तर पुनर्जनन होत नाही, हेही मॉर्गन यांच्याच प्रयोगांत दिसून आले.

आता येथे एक प्रश्न उभा राहतो. चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. अशा मातीत उघडी जखम घेऊन वावरणारे गांडूळ कुजून कसे जात नाही? जखमेवर बूच बसवणाऱ्या ज्या कोशिका, त्याच या प्राण्याच्या शिपाई होत. माणसाच्या रक्तात तयार होतात तसे प्रतिपिंड गांडुळात नसतात. त्याचा भार देहगुहेतील कोशिकांवर असतो. काही कोशिका जिवाणूंना गिळून पचवतात, तर काही द्रवात मारक प्रथिने सोडतात. आयसेनियातील लायसेनिन नावाचे प्रथिन शत्रूच्या कोशिकेच्या आवरणाला चिकटून त्याला अक्षरशः भोक पाडते. हे गांडूळ डिवचले असता पाठीवरील सूक्ष्म रंध्रांतून उग्र वासाचा पिवळसर द्रव बाहेर टाकते. तो हाच द्रव होय. त्याच्या पिवळेपणात रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचाही वाटा आहे.

आपले कोण व परके कोण, हेही या प्राण्याला ओळखता येते. १९६० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये पिएर व्हालंब्वा आणि अमेरिकेत एडविन कूपर यांनी गांडुळांवर त्वचारोपणाचे प्रयोग केले. त्याच गांडुळाच्या कातडीचा तुकडा त्याच्याच अंगावर दुसरीकडे बसवला, तर तो रुजला. दुसऱ्या जातीच्या गांडुळाचा तुकडा मात्र काही दिवसांनी नष्ट झाला, आणि त्याच दात्याचा दुसरा तुकडा लावला, तर तो अधिक त्वरेने नष्ट झाला. मणका नसलेल्या क्षुद्र प्राण्यालाही एक प्रकारची स्मृती असावी, ही कल्पना त्या वेळी धक्का देणारी होती. माणसाच्या प्रतिरक्षेइतकी ती स्मृती पक्की नाही, एवढे मात्र खरे.

गिळून पचवता येत नाहीत असे शत्रूही असतात. सूत्रकृमी किंवा जीवोपजीवींची कोष्ठे यांच्याभोवती कोशिका गोळा होऊन त्यांना वेढून टाकतात. असे तपकिरी गोळे हळूहळू शेपटीकडच्या खंडांत साठत जातात. केंब्रिजचे शास्त्रज्ञ डेव्हिड कीलिन यांनी १९२५ साली असे दाखवले, की या गोळ्यांनी भरलेले शेवटचे खंड गांडूळ स्वतःच तोडून टाकते. केरकचऱ्यासह शेपूट टाकायचे आणि नवे वाढवायचे, असा हा व्यवहार आहे. प्रतिकार आणि पुनर्जनन ही दोन निरनिराळी खाती नसून एकाच घराची व्यवस्था आहे, याचा याहून बोलका दाखला मिळणे कठीण.

ही व्यवस्था कोलमडते ती विषामुळे. १९८४ साली आर्थिक सहकार व विकास संघटनेने रसायनांची विषारीपणाची कसोटी गांडुळांवर घेण्याची पद्धत ठरवून दिली. तीत किती गांडुळे मरतात, हे मोजले जाते. परंतु नुकसान मरणाआधीच सुरू झालेले असते. तांब्याचा अंश असलेल्या मातीतील गांडुळांच्या देहगुहेतील कोशिका काढून त्यांना तांबडा रंग दिला असता, निरोगी कोशिका तो बराच काळ धरून ठेवतात आणि तांब्याने दुबळ्या झालेल्या कोशिका तो लवकर सोडून देतात. गांडूळ वरून धडधाकट दिसते, पण त्याचे शिपाई निकामी होत आलेले असतात. जखम भरणे व रोगाशी झुंजणे ही दोन्ही कामे त्यांचीच असल्याने अशा गांडुळाला कुदळीचा लहानसा घावही भारी पडू शकतो.

द्राक्षबागाईतदारांना याचा विचार अधिक करावा लागेल. बोर्डो मिश्रणातील मोरचुदामधून जमिनीत जाणारे तांबे कुजत नाही वा विरून जात नाही. वर्षानुवर्षे वरच्या थरात साठत राहते, आणि गांडुळांचा वावरही पुष्कळसा याच थरात असतो. केवड्याचा उपद्रव असताना फवारणी टाळा, असे कोणी म्हणणार नाही. मात्र गरजेपुरतेच मिश्रण वापरणे, ते जमिनीवर ओघळू न देणे आणि उरलेले मिश्रण बांधाशी न ओतणे हे हातचे उपाय आहेत.

गांडूळखताच्या वाफ्यावरही फावडे चालवण्याचे कारण नाही. चार दिवस पाणी तोडावे, तयार खत गोणपाटावर ओतून उजेडात त्याचा शंकूसारखा ढीग करावा. उजेड न सोसणारी गांडुळे दोन-तीन तासांत तळाशी उतरतात. वरचे खत हाताने अलगद काढून घेता येते आणि तळाशी गोळा झालेली गांडुळे नव्या वाफ्यात सोडता येतात.