ऑपरेशन एका दिवसाचं, सावरणं सगळ्या घराचं

आज आपण वजन कमी करण्याच्या ऑपरेशनबद्दल बोलणार आहोत. डॉक्टर त्याला बॅरियाट्रिक सर्जरी म्हणतात. जानेफळात याचं काय काम, असं कुणाला वाटेल. पण गटाच्या बैठकीत हा प्रश्न आलाच. एका ताईंना शुगर, बीपी, गुडघेदुखी, त्यात रात्री झोपेत श्वास अडकतो. शहरातल्या डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. ताईंनी गटाकडे कर्ज मागितलं. एक जण म्हणाली, "तोंड आवरलं असतं तर ही वेळ आली नसती." दुसरी म्हणाली, "देऊन टाका पैसे, एकदा पोट कापलं की सुटली."

मैत्रिणींनो, ही दोन्ही बोलणी खरी नाहीत.

वजन फक्त हावरटपणानं वाढत नाही. आईवडिलांकडून आलेला बांधा, थायरॉईड, काही औषधं, बाळंतपणं, अपुरी झोप, सगळं त्यात असतं. आणि वाढलेलं वजन कमी करायला गेलं की शरीर भूक वाढवून ते परत मिळवू बघतं. म्हणून कुणाला टोचून बोलण्यानं किलोभरही कमी होत नाही.

पण हे ऑपरेशन प्रत्येक जाड बाईसाठी नाही. आपल्याकडे डॉक्टर बरीच वर्षं एक माप वापरत आले आहेत, बीएमआय. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागायचं. आकडा ३७.५ च्या वर असेल, किंवा ३२.५ च्या वर असून सोबत शुगर-बीपीसारखा आजार असेल, तर ऑपरेशनचा विचार होतो. १५० सेंटीमीटर उंचीच्या बाईसाठी हे वजन अनुक्रमे सुमारे ८४ आणि ७३ किलो होतं. शेवटचा निर्णय अर्थात तपासून डॉक्टरच घेतात.

ऑपरेशन दुर्बिणीनं, लहान छिद्रांतून होतं. एका प्रकारात जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून केळ्याएवढी नळी ठेवतात. तो भाग परत येत नाही. दुसऱ्या प्रकारात जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. आपल्या नागपूरचे नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत असं ऑपरेशन करून घेतलं होतं.

आता तयारी. रक्त, शुगर, थायरॉईड, हृदय, सोनोग्राफी या तपासण्या होतात. ऑपरेशनच्या आधी साधारण दोन आठवडे कमी उष्मांकाचा, प्रथिनांचा आहार देतात. त्यानं यकृत आकसतं आणि डॉक्टरांना जठरापर्यंत नीट पोचता येतं. तंबाखू, मिश्री, गुटखा कित्येक आठवडे आधी बंद. हे लपवू नका, जखम भरत नाही. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, त्यानं रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.

२०१७ मध्ये इजिप्तची इमान अहमद मुंबईच्या सैफी हॉस्पिटलमध्ये आली होती, ते टीव्हीवर तुम्ही पाहिलं असेल. तिचं वजन सुमारे ५०० किलो सांगितलं गेलं. फेब्रुवारीत ती आली, पण डॉ. मुफज्जल लकडावाला यांनी ऑपरेशन केलं ते मार्चमध्ये. मधल्या काळात पातळ आहारावर ठेवून तिचं वजन उतरवलं. पुढे उपचारासाठी ती अबू धाबीला गेली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हृदय-मूत्रपिंडाच्या आजारांनी वारली. तिचं दुखणं फार मोठं होतं, आपल्या ताईंशी त्याची तुलना नाही. पण घाईनं टेबलावर घेत नाहीत आणि ऑपरेशन म्हणजे जादू नाही, एवढं त्यातून कळतं.

आणि आता खरं काम, सावरणं. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालायला लावतात, पायात गुठळी होऊ नये म्हणून. घरी आल्यावर सुरुवातीला फक्त पातळ: डाळीचं निवळ पाणी, ताक, दूध. मग घोटलेलं वरण, मऊ मुगाची खिचडी. साधं जेवण साधारण दीड-दोन महिन्यांनी. घास लहान, चावायचा भरपूर. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासानं घोट घोट. रोज निदान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम मिळतात, ५० ग्रॅम सोयावडीत सुमारे २५. सोयाबीन आपण पिकवतो आणि बाजारात देऊन येतो, थोडं घरातही शिजवू. बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या मात्र जन्मभर. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात, बहुतेक वेळा ते परत येतात. निदान वर्ष-दीड वर्ष दिवस राहू देऊ नका. वजन उतरलं की दिवस राहण्याची शक्यता वाढते, म्हणून तांबीबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा.

ताप, छातीत धडधड, पोटात किंवा खांद्यात जोराचं दुखणं, दम लागणं, पोटरी सुजणं, सारखी उलटी, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा आणि ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनाही कळवा. उलट्या होत राहिल्या तर अंगातली जीवनसत्त्वं संपून पाय बधिर होतात.

पण मैत्रिणींनो, हे पाळायचं कुठे? आपल्या घरात बाई शेवटी जेवते. उरलेली भाकर, कालची भाजी वाया जाऊ नये म्हणून तीच संपवते. चतुर्थीला, नवरात्रात उपवास धरते. ऑपरेशन झालेल्या बाईला यातलं काही चालत नाही. तिला वेळेवर, वेगळं, ताजं आणि पहिलं वाढावं लागतं. महिना-दीड महिना हंडा उचलायचा नाही, निंदणाला वाकायचं नाही, सोंगणीला जायचं नाही. हे ऐकायला सासूबाई आणि नवरा दोघंही बसलेले हवेत.

म्हणून आमच्या गटानं ठरवलं की कर्जाचा अर्ज घेताना चार गोष्टी विचारायच्या. दवाखान्याचा सगळा खर्च लिहून मिळाला का? सरकारी योजनेत किंवा विम्यात काही बसतं का, हे आरोग्यमित्राला आणि विमा कंपनीला विचारलं का? पुढच्या वर्षभराच्या गोळ्या, तपासण्या आणि प्रवासाचे पैसे धरले का? आणि त्या दीड महिन्यात घरी पाणी कोण भरणार, स्वयंपाक कोण करणार? चौथ्या प्रश्नाला ताईंच्या घरातून लगेच उत्तर आलं नाही. आम्ही थांबलो. आठ दिवसांनी नवरा आणि सासूबाई बैठकीला आले. पाणी मी भरतो, असं नवरा सगळ्यांसमोर म्हणाला. दुपारी घरी थांबायला गटातल्या चौघींनी वार वाटून घेतले. मग अर्जावर सह्या झाल्या.

तुमच्याही गटात असा अर्ज आला तर चौथा प्रश्न विसरू नका. आणि जिचं ऑपरेशन होणार आहे तिच्या वजनावर हसू नका.