शुभ्र मनोऱ्यांची वास्तुविशारद



व्रोत्स्वाफ हे आज पोलंडमधील नगर १९४५ पर्यंत जर्मनीत होते. त्या वर्षीच्या वेढ्यात जर्मन सैन्याने तेथील एका वस्तीतील घरे पाडून विमानांसाठी धावपट्टी केली. जेथे घरे पाडली गेली, त्याच ग्रुनवाल्द चौकात पुढे शेकडो संसारांना निवारा देण्याचे कार्य याद्विगा ग्राबोव्स्का-हाव्रिलाक (१९२०-२०१८) या विदुषीने केले.

युद्धानंतर त्याच नगरात वास्तुशास्त्राचे शिक्षण घेऊन त्यांनी प्रथम भग्न वास्तूंच्या पुनर्रचनेत भाग घेतला. १९७० नंतर चौकात त्यांचे सहा उत्तुंग निवासी मनोरे उभे राहिले. वळणदार सज्जे, शुभ्र काँक्रीट आणि त्यावर हिरव्या वेली, ही त्यांची कल्पना. प्रत्यक्षात काँक्रीट करडेच राहिले, काळवंडले. लोकांनी मनोऱ्यांना चेष्टेची नावे ठेवली. व्यवसायबंधूंनी मात्र त्यांचे मोल ओळखले. १९७४ मध्ये पोलिश वास्तुविशारद संघाचा सन्मान पुरस्कार मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

२०१६ च्या सुमारास नूतनीकरण होऊन मनोरे शुभ्र झाले. तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या याद्विगाबाई हयात होत्या. आराखड्यावरचा रंग भिंतीवर यायला चार दशके लागली. पण ज्या भूमीवरून घरे पुसली गेली, तेथे दिवे त्यापूर्वीच लागले होते.