जुन्या पाण्यातून नव्या पाण्यात



हीरक महोत्सवानिमित्त होणाऱ्या या व्याख्यानाचा विषय वरवर पाहता अगदी घरगुती आहे. नवी मत्स्यपेटी कशी उभारावी आणि जुन्या पेटीतील मासे तिच्यात सुखरूप कसे न्यावेत, एवढाच तो विषय. परंतु या छोट्याशा कामात उत्साहाच्या भरात जेवढे जीव जातात, तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या छंदात जात असतील. आणि हे जीव निष्काळजीपणाने जात नाहीत. बहुधा अतिकाळजीने जातात.

प्रसंग नेहमीचा आहे. घरी किंवा शाळेच्या दालनात मोठी, देखणी काचपेटी येते. मुले रविवारी सकाळपासून खपतात. जुन्या पेटीतील खडे नळाखाली खळखळून धुतले जातात, फिल्टरचा काळपट स्पंज पिळून पांढरा केला जातो, ताजे पाणी भरले जाते आणि मासे त्यात सोडले जातात. पाणी स्फटिकासारखे दिसते. दोन-तीन दिवसांत मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू-मिटू लागतात, आणि आठवडा संपण्यापूर्वी एकेक मासा तळाशी आडवा होतो. मूल विचारते, "सगळे तर स्वच्छ केले होते, मग?" त्या 'सगळे स्वच्छ केले'मध्येच उत्तर दडलेले आहे.

हा विषय उलगडण्यासाठी मराठी माणसाच्या ओळखीच्या, पण महाराष्ट्रापासून दूरच्या एका गावाचा आधार घेऊ. तमिळनाडूत कुंभकोणमहून मयिलाडुदुरैच्या रस्त्याने निघाले की काही किलोमीटरवर तिरुविडैमरुदूर लागते. 'मरुद' म्हणजे अर्जुनवृक्ष. म्हणून संस्कृतात या क्षेत्राला मध्यार्जुन म्हणतात. महालिंगस्वामींचे विस्तीर्ण देवालय, त्याचे तीर्थ आणि भोवती कावेरीच्या कालव्यांनी भिजणारी भातशेती असे हे गाव. 1798 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने तंजावरच्या गादीवर शरफोजी राजांना बसवले, तेव्हा पदच्युत झालेले अमरसिंह राजे आपला परिवार घेऊन याच गावी राहावयास आले. एका वाहत्या दरबारातून दुसऱ्या, लहान जागी झालेले ते स्थलांतर होते. त्याकडे शेवटी पुन्हा वळू. आधी याच गावातील एखाद्या घरात मत्स्यपेटी मांडायची आहे, असे समजू.

पहिला प्रश्न जागेचा. तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी पेटी काठोकाठ भरली तर सुमारे 127 लिटर पाणी मावते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. काच आणि खडे धरले तर दीडशे किलोंहून अधिक भार होतो. म्हणून बैठक भक्कम आणि सपाट हवी, आणि काचेखाली फोमची चादर हवी. खिडकीतले थेट ऊन पेटीवर पडू नये. नाहीतर शेवाळ माजते आणि पाणी तापते. पेटी भरून दोन दिवस नुसती ठेवावी, सांधे पाझरतात का ते पाहावे आणि मगच पुढचे पाऊल टाकावे.

दुसरा प्रश्न उष्म्याचा. कावेरीच्या या खोऱ्यात उन्हाळ्यात पारा सहज पस्तिशीपुढे जातो. थंड देशांतील पुस्तके पाणी गरम ठेवण्याची चिंता करतात. तिरुविडैमरुदूरमध्ये, तसेच नागपूर-जळगावातही, चिंता उलटी असते. 20 अंश सेल्सिअसच्या पाण्यात एका लिटरमध्ये सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. 30 अंशांना तो साडेसातच उरतो. म्हणून एअर पंप ही तेथे चैन नसून गरज आहे, आणि वीज गेली तर पाणी हलवत राहण्याची काही सोय हाताशी असावी.

आता मूळ प्रश्न. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य कुजले की त्यातूनही अमोनियाच तयार होतो. हा वायू पाण्यात दिसत नाही, पण कल्ले जाळतो. पाणी जितके उष्ण आणि त्याचा पीएच जितका चढा, तितका त्याचा विषारी अंश अधिक. नदीत तो वाहून जातो आणि विरळ होतो. काचेच्या चार भिंतींत मात्र त्याचा बंदोबस्त कोणीतरी करावा लागतो, आणि तो जीवाणू करतात. जीवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. नायट्राइटही घातक असते. नायट्रेट मात्र बऱ्याच प्रमाणापर्यंत सोसवते आणि आठवड्याला थोडे पाणी बदलले की आटोक्यात राहते. मातीतील हे काम जीवाणूच करतात हे 1890च्या सुमारास विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने दाखवून दिले. त्याआधी 1850 मध्ये लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी वनस्पती, गोगलगायी आणि मासे यांचा मेळ घालून बंदिस्त पाणी टिकवून दाखवले होते. भारतात 1909 मध्ये मद्रासच्या समुद्रकिनारी मत्स्यालय उघडले आणि 1951 मध्ये मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. पेटी मोठी असो वा लहान, गोडी असो वा खारी, नियम हाच.

हे जीवाणू पाण्यात फारसे नसतात. ते पृष्ठभागाला चिकटून राहतात. फिल्टरच्या काळपट स्पंजवर, खड्यांवर, लाकडाच्या तुकड्यावर त्यांची वस्ती असते. म्हणून दोन समजुती सोडायला हव्यात. पहिली, जुने पाणी ओतले की नवी पेटी तयार होते. जुन्या पाण्याने माशांना सरावाचे वातावरण मिळते, पण अमोनियाचा बंदोबस्त होत नाही. दुसरी, काळा स्पंज म्हणजे घाण. तो त्या पेटीचा प्राण असतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माणसाला रोगजंतूंपासून वाचवते. तेच क्लोरीन या उपयोगी वस्तीचाही नाश करते. स्पंज फारच तुंबला तर पेटीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत एक-दोनदा हलका दाबावा, बस्स.

तेव्हा रीत अशी. नवी पेटी घरी येण्यापूर्वी महिनाभर नवा फिल्टर जुन्या पेटीतच, जुन्या फिल्टरच्या शेजारी चालू ठेवावा. जीवाणू त्याच्यावर आपोआप वस्ती करतात. जुनी पेटीच नसेल, तर मासे न सोडता रिकाम्या पेटीत चिमूटभर खाद्य टाकत फिल्टर चार ते सहा आठवडे चालवावा. चाचणी संचात अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसू लागले आणि नायट्रेट उमटले की पेटी तयार झाली असे समजावे. पाणी स्वच्छ दिसणे ही तयारीची खूण नव्हे.

याच काळात आणखी एक काम करायचे असते, जे बहुतेक जण विसरतात. वर्षानुवर्षे पाणी न बदललेल्या पेटीचा पीएच हळूहळू उतरलेला असतो. मासे त्या पाण्याला सरावलेले असतात. त्यांना एकदम कूपनलिकेच्या जड पाण्यात टाकले तर शरीरातील क्षारांचा तोल बिघडतो. म्हणून स्थलांतरापूर्वी दोन-तीन आठवडे जुन्या पेटीतील थोडे थोडे पाणी दर दोन दिवसांनी बदलत जावे. जागा बदलण्याच्या दिवसापर्यंत जुने पाणी नव्या पाण्यासारखे झालेले असावे.

प्रत्यक्ष दिवशी घाई करू नये. आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवावे, म्हणजे मासे वाटेत पाणी कमी खराब करतात. नळाचे पाणी आधीच साठवून, त्यातील क्लोरीन घालवून घ्यावे; चोवीस तास उघडे ठेवले की साधे क्लोरीन उडून जाते, पण क्लोरामाइन वापरलेले पाणी असेल तर सोडियम थायोसल्फेटसारखे औषध लागते. मासे झाकणाच्या बादलीत, जुन्याच पाण्यात, अंधाऱ्या जागी ठेवावेत आणि एअर पंपाची नळी आत सोडावी. स्पंज आणि खडे ओलेच राहू द्यावेत, तेही जुन्या पाण्यात. काही तास कोरडे किंवा हवेविना पडले तर त्यांच्यावरची वस्ती मरते. नव्या पेटीचे तापमान जुन्याशी जुळवावे. मग बादलीत नव्या पेटीचे पाणी पेल्याने थोडे थोडे मिसळत पाऊण तास जाऊ द्यावा, आणि शेवटी मासे मऊ जाळीने उचलून सोडावेत. त्या दिवशी दिवा लावू नये आणि मुलांनी काचेवर टकटक करू नये. दुसऱ्या दिवशी अगदी थोडे खाद्य द्यावे. पुढचे दोन आठवडे रोज अमोनिया तपासावा. तो दिसला तर चौथा हिस्सा पाणी बदलावे. या काळात नवा मासा आणू नये, कितीही आग्रह झाला तरी.

एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगायची. मोठी पेटी आली म्हणून नकोसे झालेले मासे नदीत किंवा देवळाच्या तळ्यात सोडणे म्हणजे जीवदान नव्हे. काच चाटून स्वच्छ ठेवतो म्हणून विकत आणलेला सकर मासा भारतातील अनेक नद्या-तलावांत असाच पोहोचला आणि स्थानिक माशांच्या मुळावर आला. मध्यार्जुनाच्या तीर्थात चुरमुरे खायला वर येणाऱ्या माशांचे पाणी त्यांचेच राहू द्यावे.

आता अमरसिंहांकडे वळू. राज्य गेले, पण तिरुविडैमरुदूरला येताना त्या परिवाराने आपले संगीत मागे टाकले नाही. या मराठी दरबाराच्या आश्रयाने रामदास नावाचे हिंदुस्थानी गायक तेथे राहिले आणि त्यांच्यापाशी गोपालकृष्ण भारती हिंदुस्थानी संगीत शिकले. 'नंदनार चरित्र' ही तमिळ कथाकीर्तनातील थोर कृती त्यांचीच. पुढे तंजावर कृष्ण भागवतर यांनी मराठी कीर्तनातील साकी-दिंडी तमिळ हरिकथेत रुजवली. 1855 मध्ये तंजावरचे मराठी राज्य संपले, तरी त्या मुलखातील मराठी घरांत मराठी बोलली जात राहिली आणि त्यांच्या आसपासच्या तमिळ घरांनाही तिचा लाभ झाला. नव्या पाण्यात ही माणसे जगली, कारण त्यांनी नवे पाणी नाकारले नाही आणि जुने सारे धुऊनही टाकले नाही.

साठ वर्षांत या शाळेच्या दारातून कितीतरी मुले आत आली आणि बाहेर गेली. कोणी दुसऱ्या शहरात, कोणी दुसऱ्या भाषेच्या वर्गात, कोणी परदेशी. त्यांना पाठवताना पालकांची धडपड बहुधा नव्या पेटीसाठी असते: चांगली शाळा, चांगले कपडे, चांगले उच्चार. तेथे लवकर रुळावे म्हणून घरातही मराठी बंद करण्याचा सल्ला कित्येकांना मिळतो. तो सल्ला स्पंज नळाखाली धुण्याचा आहे. मूल गप्प होते, चिडचिडे होते, आणि कारण कोणाला दिसत नाही, कारण पाणी तर स्वच्छ असते. नवी भाषा त्याला हवीच. ती थोडी थोडी, पेल्यापेल्याने मिसळू द्यावी. पण रात्री झोपताना ऐकलेली गोष्ट, आजीशी फोनवर होणारे बोलणे, हिशेब करताना मनात येणारे आकडे मराठीतच राहू द्यावेत. पहिले काही आठवडे गुणपत्रिकेपेक्षा मुलाच्या भुकेकडे आणि झोपेकडे लक्ष ठेवावे.

ज्यांच्या घरी या उन्हाळ्यात नवी मत्स्यपेटी येणार आहे, त्यांनी ती महिनाभर आधी आणावी आणि मुलांना रोजच्या चाचणीची वही ठेवायला सांगावी. रिकाम्या पेटीसमोर थांबण्याचा तो महिना मुलांना जड जाईल. तरीही तो त्यांना काढू द्यावा.