'विधवा' या शब्दात नवरा नाही

(सातारा-सांगली भागातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



गावागावांतून विधवा बायकांच्या बैठका घेताना एक वाक्य हमखास ऐकू येते. 'धव' म्हणजे नवरा, तो नाही ती वि-धवा. शब्दातच सगळे आले! बोलणारा बहुधा शिकलेला असतो. सुचवायचे असते ते असे, की बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे हे कुणी लादलेले नाही, ते भाषेतच लिहिलेले आहे. आज या वाक्याचीच तपासणी करू.

शब्दाची मनाजोगती फोड करून अर्थ लावायची आवड आपल्याकडे जुनी आहे. यास्काच्या निरुक्तात 'विधवा'च्या एकाहून अधिक फोडी दिल्या आहेत. 'धव म्हणजे मनुष्य, त्याचा वियोग' ही त्यांतली एक, आणि तीही सर्वांत शेवटी. यास्काने एकीवरच बोट ठेवलेले नाही, हे आपले वक्ते सांगत नाहीत.

एकोणिसाव्या शतकात भाषांची पद्धतशीर तुलना सुरू झाली आणि कसोटी बदलली. एक शब्द दुसऱ्यासारखा ऐकू येतो एवढे पुरत नाही. ध्वनींमधला तोच फरक अनेक शब्दांत नियमाने दिसावा लागतो. संस्कृत 'विधवा', लॅटिन 'विदुआ', रशियन 'व्दोवा', इंग्रजी 'विडो'. संस्कृतात 'ध' तिथे त्यांच्याकडे 'द' किंवा 'ड'. हा योगायोग वाटत असेल तर 'मध्य' घ्या: लॅटिन 'मेदिउस', इंग्रजी 'मिड'. तोच फरक. (आपले माजघरही याच कुळातले. 'मध्य'चे प्राकृतात 'मज्झ' झाले, मराठीत 'माज'. जिथे बायकांचा जन्म गेला त्या खोलीच्या नावाचा अर्थ 'मधले घर' एवढाच.)

तेव्हा 'विधवा' हा सबंध शब्दच संस्कृतच्या आधीचा आहे. 'वि' आणि 'धव' यांची जोडणी करून तो झालेला नाही. त्याच्या मुळाशी वेगळे होणे, दुरावणे असा अर्थ मानतात. लॅटिनमधून इंग्रजीत आलेला 'डिव्हाइड' त्याच मुळाचा. ऋग्वेदात 'विधवा' आहे, पण नवरा या अर्थाचा 'धव' तिथे नाही. तो मागाहून आला. लोकांनी 'वि' हा उपसर्ग समजून बाजूला काढला, उरलेल्या तुकड्याला नवरा केले, आणि मग 'सधवा'ही तयार झाली. बाईच्या शब्दातून नवरा निघाला! इंग्रजीत तर बायको वारलेल्या पुरुषाचा 'विडोअर' हा शब्दही 'विडो'ला शेपूट जोडूनच केलेला आहे. पुरुष त्या अवस्थेत फार दिवस राहतच नसावा, मग वेगळ्या शब्दाचे कुणाचे अडले होते?

म्हणून त्या प्राचीन काळी बाई मोकळी होती असे मात्र समजू नका. सासू, सासरा, सून, दीर, जाऊ या शब्दांची भावंडे युरोपच्या जुन्या भाषांत ओळीने सापडतात. बायकोच्या माहेरच्या नात्यांची तुटपुंजी. यावरून डेलब्रुक या जर्मन अभ्यासकाने १८८९ मध्ये असे अनुमान काढले, की मुलगी तेव्हाही नवऱ्याच्या घरी नांदायला जाई. न सापडलेल्या शब्दांवरून काढलेले अनुमान जपूनच वापरावे. शिवाय आपल्याकडे सासऱ्याला 'मामंजी', सासूला 'आत्याबाई' म्हणतात, त्यामागे मामा-आत्याच्या घरी मुलगी देण्याची चाल आहे, आणि तिचे नाते दक्षिणेशी. लॅटिनशी तुलना करून ते उलगडत नाही.

आता तुम्ही विचाराल, व्युत्पत्ती चुकीची ठरली म्हणून कुणाच्या बांगड्या वाचल्या का? नाही. सांगलीपासून जवळच, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो कोश उघडून केला नाही. त्याच महिन्यात शासनानेही परिपत्रक काढले. पुढे एप्रिल २०२३ मध्ये मात्र विधवांच्या नावाआधी 'गंगा भागीरथी' लावण्याची सूचना मंत्र्यांकडूनच आली, आणि टीका झाल्यावर 'निर्णय झालेला नाही' असा खुलासा झाला. जणू लग्नपत्रिकांवर 'गं. भा.' कधी छापलेच जात नव्हते! पवित्र नाव देऊन वेगळे काढले तरी ते वेगळे काढणेच.

नाव बदलायलाच हवे, असेही असते. साताऱ्यात २२ ऑक्टोबर २०११ रोजी २८५ मुलींनी 'नकुशा', 'नकुशी' ही नावे टाकून नवी घेतली. 'नकोशी'चा अर्थ सांगायला पंडित लागत नाही, हाक मारली की तो पोचतोच. 'विधवा'चे मला तसे वाटत नाही. विधवा निवृत्तीवेतनाच्या अर्जावर हाच शब्द लिहून पैसे पदरात पडतात, तो घाईने टाकू नये. पण 'शब्दातच सगळे आले' असे कुणी म्हणाले, तर त्याला तिथेच थांबवा आणि 'मध्य', 'मिड', 'माजघर' समजावून सांगा.

पुढच्या वर्गात 'रांड' हा शब्द घेऊ. विधवेलाही तोच आणि शिवीलाही तोच. आता तुमचे प्रश्न विचारा.